कुंडी बदला, पण कुलर बंद झाल्यावर

प्रश्न : आम्ही परभणीला राहतो. दोन वर्षांपूर्वी मुलीने पहिल्या पगारातून मॉन्स्टेराचं रोप आणलं. आता ती पुण्याला असते आणि झाड माझ्याकडे आहे. आठ इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत ते छान वाढलं, पण यंदा संक्रांतीनंतर काहीतरी बिनसलंय. कुंडीच्या खालच्या भोकांतून मुळ्या बाहेर आल्या आहेत. पाणी घातलं की लगेच ताटलीत उतरतं. खालची दोन पानं पिवळी होऊन गळाली, आणि नवीन पानं लहान, चिरा नसलेली येताहेत. भाचा म्हणतो, व्हिडिओत मार्च-एप्रिलमध्येच कुंडी बदलायला सांगतात, उशीर करू नकोस. सासूबाई म्हणतात, चैत्र-वैशाखात झाड हलवायचं नसतं. मामंजींनी तर शेतातून काळ्या मातीची दोन पोती आणि चौदा इंची कुंडी आणून ठेवली आहे, म्हणजे सारखं सारखं बदलायला नको. खोडातून लोंबणाऱ्या मुळ्या कापायच्या का? मुलीला एक फांदी पुण्याला हवी आहे, ती कधी कापू? झाड जाऊ नये एवढंच वाटतं.

उत्तर : ताई, कुंडी बदलायला झाली आहे हे झाड स्वतःच सांगतंय. पण ते काम आज नको. या महिन्यात नको आणि पुढच्या महिन्यातही नको. सासूबाईंचं बरोबर आहे.

भाच्याने पाहिलेल्या व्हिडिओतही खोटं काही नसणार. ते व्हिडिओ बहुतेक थंड देशांतले असतात. तिथे हिवाळाभर घरातली झाडं जागच्या जागी थांबलेली असतात, आणि मार्चमध्ये दिवस मोठा व्हायला लागला की वाढीला लागतात. वाढ सुरू होताना कुंडी बदलली की तुटलेल्या मुळ्या लवकर भरून येतात, हे तत्त्व आपल्याकडेही लागू आहे. फरक एवढाच, की तिकडचा एप्रिल म्हणजे वीस अंशांची गार, ओलसर हवा आणि परभणीचा एप्रिल म्हणजे चाळिशी.

कुंडी बदलताना काय होतं ते एकदा नीट पाहू, म्हणजे घरात समजावून सांगणंही सोपं जाईल. झाड पाणी पितं ते मुळ्यांच्या टोकांजवळच्या अगदी बारीक केसांनी. कितीही जपून काढलं तरी यातले बरेच तुटतात. नवे यायला दोन-तीन आठवडे जातात. तेवढे दिवस झाडाला पुरेसं पाणी ओढता येत नाही, पण पानांतून पाणी उडायचं काही थांबत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी हवेतला ओलावा वीस-पंचवीस टक्क्यांवर उतरतो, आणि मॉन्स्टेराचं पान केवढं मोठं असतं ते तुम्ही रोज बघता. हे झाड मूळचं दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या दमट जंगलातलं. तिथे ते मोठ्या झाडांच्या सावलीत, त्यांच्याच खोडाला धरून वर चढतं. अशा झाडाच्या मुळ्या ऐन उन्हाळ्यात तोडल्या तर खालून पुरवठा अर्धा आणि वरून खर्च दुप्पट, अशी त्याची अवस्था होते.

मग कधी? पंचांगात बघून सांगायचं तर मृग ७ किंवा ८ जूनला लागतो, आणि पाऊस आपल्याकडे साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. पण मराठवाड्यात राहणाऱ्याला मी तारीख देणार नाही. पहिल्या दोन सरी पडतात, मातीचा वास येतो, आणि मग पंधरा दिवस खंड पडून ऊन पुन्हा मे महिन्यासारखं तापतं. मामंजीसुद्धा पहिल्या सरीवर पेरणी करत नसतील.

त्यापेक्षा घरातल्या कुलरकडे लक्ष ठेवा. कुलर गार वारा देतो तो हवा कोरडी असते म्हणून. ताट्यांमधलं पाणी कोरड्या हवेत भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. हवेत ओलावा वाढला की पाणी उडायचं मंदावतं, कुलर लावूनही खोलीत नुसतं चिकचिक होतं, आणि मग आपण कंटाळून तो बंद करतो. जे पाणी ताट्यांतून उडत नाही, ते पानातूनही तितकं उडत नाही. म्हणून ज्या आठवड्यात तुमच्या घरी कुलर बंद झाला, पंख्यावर भागायला लागलं आणि ते तसंच आठ दिवस टिकलं, तो आठवडा कुंडी बदलायचा. कधी आर्द्रा नक्षत्रात म्हणजे जूनअखेर, कधी जुलैचा मध्य. तिथून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत केव्हाही करता येतं, पण जितकं लवकर कराल तितका झाडाला वाढीचा काळ जास्त मिळतो. ऑक्टोबरच्या उन्हात नको. डिसेंबर-जानेवारीत तर मुळीच नको; परभणीची थंडी काय असते ते तुम्हाला सांगायला नको, रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि ही झाडं पंधराच्या खालीच आळसावतात.

यात एकच अपवाद आहे, आणि तो आजच तपासा. कुंडी उचलून खालच्या भोकांचा वास घ्या. नाल्यासारखा कुबट वास आला, बाहेर आलेल्या मुळ्या काळ्या पडून बोटांत मऊ लागल्या, किंवा खोडाचा मातीलगतचा भाग दाबला जातोय असं वाटलं, तर मुळं सडताहेत. तेव्हा मे महिना असला तरी थांबायचं नाही. झाड काढून सडलेला भाग कापायचा आणि ताज्या मिश्रणात, त्याच मापाच्या किंवा लहान कुंडीत लावायचं. तुमच्या पत्रावरून मात्र तसं वाटत नाही. पाणी घातल्याबरोबर ताटलीत उतरतंय, म्हणजे आत माती कमी आणि मुळ्या जास्त झाल्या आहेत. पाणी धरून ठेवायला जागाच उरलेली नाही. खालची दोन पानं गेली ती या तहानेपायी.

तेव्हा पावसापर्यंतचे दोन-अडीच महिने झाड तगवायचं कसं, हा तुमचा आजचा खरा प्रश्न आहे. वरून तांब्याने पाणी घालणं थांबवा. बादलीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या आणि कुंडी त्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. पाणी भोकांतून वर चढतं आणि मुळांचा सगळा गोळा भिजतो. बाहेर काढून पूर्ण निथळू द्या, मगच ताटलीत ठेवा. उन्हाळ्यात हे आठवड्यातून दोनदा लागेल, कधी तीनदाही. वार ठरवू नका; बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर भिजवा. वरची इंचभर माती चमच्याने हलकेच काढून तिथे चाळलेलं गांडूळखत पसरा. झाड पश्चिमेच्या खिडकीत असेल तर तिथून हलवा. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर असेल तर मेपुरतं खाली आणा. कुलरच्या खोलीत ठेवायला हरकत नाही, तिथली ओलसर हवा त्याला आवडते, पण वाऱ्याच्या थेट झोतात नको. आणि कुलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडाला घालू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. आठ दिवस चाललेल्या टाकीचं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षाही जड झालेलं असतं. आरओच्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचंही तेच. पाणी वाया जाऊ नये म्हणून आपण ते बागेला घालतो, आणि मराठवाड्यात पाण्याचा थेंब वाचवणाऱ्याला मी नाव ठेवणार नाही, पण ते फरशी पुसायला किंवा भांडी विसळायला वापरा. कुंडीतल्या झाडाला नको. पानांची टोकं तपकिरी होऊन वाळणं आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर धरणं, ही क्षार साचल्याची खूण.

नवीन पानांना चिरा नाहीत, याचा दोष मात्र सगळा कुंडीवर टाकू नका. मॉन्स्टेराच्या पानाला चिरा आणि भोकं पडतात ती झाड वयात आल्यावर आणि उजेड पुरेसा मिळाल्यावर. आधी चिरा येत होत्या आणि आता येत नाहीत, तर झाडाची जागा बदलली का, खिडकीला जाड पडदा आला का, ते बघा. उन्हाळ्यात आपण खोल्या अंधारात ठेवतो, ते आपल्याला बरं आणि झाडाला वाईट. पूर्वेच्या खिडकीजवळ, सकाळचं कोवळं ऊन पानावर पडेल आणि नंतर नुसता उजेड राहील, अशी जागा द्या.

आता मामंजींची माती. इथे जरा सविस्तर बोलते, कारण घरातल्या मोठ्या माणसाने प्रेमाने आणलेल्या वस्तूला नुसतं ‘नको’ म्हणता येत नाही. कारण सांगावं लागतं.

आपली काळी माती कसदार आहेच. काळ्या पाषाणापासून बनलेली, कापसाला, सोयाबीनला, हरभऱ्याला उत्तम. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून तर उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतात या भेगांचा फायदाच होतो, जमीन आपोआप मोकळी होते, मुळांना खोल जायला जागा असते. कुंडीत तसं होत नाही. तिथे ती माती भिजली की लाद्यासारखी बसते, तिच्यात हवा खेळत नाही, आणि मॉन्स्टेराच्या जाड मुळ्या हवेवाचून गुदमरतात. वाळली की कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि घातलेलं पाणी त्या फटीतून खाली पळतं. मधला गोळा कोरडाच. याशिवाय सामूचा, म्हणजे माती आंबट की खारवट हे सांगणाऱ्या पीएचच्या आकड्याचा प्रश्न आहे. मामंजींकडे शेताची मृद आरोग्य पत्रिका असेल तर त्यांनाच काढायला सांगा आणि सामूच्या पुढचा आकडा वाचा. आपल्या भागात तो बहुधा साडेसात ते साडेआठ असतो, शिवाय मातीत चुनखडीचे खडे. मॉन्स्टेराला साडेपाच ते सातच्या मधली किंचित आंबट माती मानवते. सामू चढला की मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, आणि कोवळी पानं पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी पडतात, तो बराचसा याच कारणाने, हे मामंजींना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

ती दोन पोती आणि ती चौदा इंची कुंडी मात्र वाया घालवू नका. दोन भाग काळी माती, एक भाग बारीक मुरूम, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, असं करून त्या कुंडीत कढीपत्ता लावा आणि उन्हात ठेवा. घराला कढीपत्ता लागतोच, आणि मामंजींची कुंडी भरलेली राहील.

मॉन्स्टेरासाठी कुंडी दहा इंची घ्या. आठवरून दहा, बस. ‘एकदाच मोठी आणू’ हा विचार लेकरांच्या कपड्यांना चालतो, कुंडीला चालत नाही. व्यास दोनच इंचांनी वाढला तरी दहा इंची कुंडीत आठ इंचीच्या जवळजवळ दुप्पट माती बसते. चौदा इंचीत पाचपटीहून जास्त. एवढी माती भिजवली तर तिच्यातलं पाणी प्यायला मुळ्या आहेत कुठे? मधे छोटा गोळा, आणि भोवती चारी बाजूंनी आठ-आठ दिवस न वाळणारा चिखल, तोही पावसाळ्यात. मुळं सडायला याहून चांगली सोय नाही. घरातली झाडं दुष्काळाने मरतात त्यापेक्षा मोठ्या कुंडीने आणि जास्त पाण्याने जास्त मरतात, हे मी जबाबदारीने सांगते.

कुंडी मातीची की प्लॅस्टिकची? मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपून उडतं. पावसाळ्यात ते बरं, मेमध्ये रोज पाणी मागेल. तुम्ही रोज लक्ष देणाऱ्या असाल तर कुंभाराकडची मातीची घ्या, वापरण्याआधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. गावाला जाणं-येणं असेल तर प्लॅस्टिकचीच बरी. खाली भोकं हवीत, एक नव्हे, चार-पाच. बिनभोकाची चिनी मातीची कुंडी हवी असेल तर ती बाहेरून शोभेला, आत भोकांची कुंडी.

तळाला खडी किंवा विटांचे तुकडे भरायची पद्धत आहे. त्याने पाण्याचा निचरा होतो असं सगळे सांगतात, पण तसं होत नाही. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहज उतरत नाही, ते सीमेवरच अडून बसतं. म्हणजे ओला थर तळाऐवजी मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकांवर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ठेवा, माती वाहून जात नाही, तेवढं पुरे.

मिश्रण असं करा : दोन घमेली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक घमेलं गांडूळखत, एक घमेलं पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे), आणि त्यात अर्धं घमेलं नारळाच्या शेंडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. पर्लाइट मिळालं नाही तर वीटभट्टीवरून आणलेला विटांचा चुरा चाळून घ्या. बारीक भुकटी टाकून द्या, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे खडे ठेवा. कोकोपीटची वीट पाण्यात फुलवली की ते पाणी एकदा ओतून द्या, पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजवा आणि पिळून घ्या; स्वस्त कोकोपीटमध्ये मीठ असतं. मूठभर निंबोळी पेंड मिसळा. शेणखत घालायचंच असेल तर वर्षभर कुजलेलं, चहाच्या भुकटीसारखं मोकळं झालेलं. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणी येते आणि कुंडीतली हुमणी मुळं कुरतडून संपवते. तयार मिश्रण मुठीत दाबून सोडा : गोळा झाला आणि बोट लावताच फुटला, तर जमलं. पाणी टपकलं तर जास्त ओलं आहे.

आदल्या दिवशी झाडाला पाणी द्या, म्हणजे गोळा न फुटता निघतो. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ धरा. शेंड्याला नवं पान अजून सुरळीच्या रूपात असेल तर ते उलगडेपर्यंत चार-आठ दिवस थांबा. कोवळ्या पानाला धक्का लागला तर ते फाटकंच उघडतं. हातात मोजे घाला. मॉन्स्टेरा आपल्या अळूच्याच कुळातलं आहे, चिकाने तशीच खाज सुटते, आणि पान तोंडात गेलं तर जीभ-घसा सुजतो, म्हणून घरातल्या लहान लेकरांना कामाच्या वेळी जवळ येऊ देऊ नका.

कुंडी आडवी करा, चारी बाजूंनी हाताने दाबून सैल करा, आणि खोडाला बुडाशी धरून कुंडी ओढा. झाड ओढू नका. भोकांतून आलेल्या मुळ्या अडकल्या तर प्लॅस्टिकची कुंडी कापा. तीस-चाळीस रुपयांच्या कुंडीपेक्षा मुळ्या महाग. गोळा बाहेर आला की तळाशी मुळ्या गोल गोल फिरलेल्या दिसतील. पांढऱ्या, पिवळसर, टणक असतील त्या चांगल्या. काळ्या, पोकळ, ओढली की साल हातात येणाऱ्या मुळ्या स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा. फिरलेल्या मुळ्या बोटांनी हलकेच मोकळ्या करा, सगळी माती झाडायची नाही, मुळं नळाखाली धुवायची नाहीत.

नव्या कुंडीत खाली मिश्रण घालून गोळा ठेवा. पूर्वी जितकं खोड मातीत होतं तितकंच आता राहिलं पाहिजे, आणि काठाखाली इंचभर जागा सुटली पाहिजे. आधाराची काठी, नारळाचा काथ्या गुंडाळलेली, याच वेळी कुंडीच्या मागच्या बाजूला रोवा; नंतर रोवली की मुळं तुटतात. खोडातून लोंबणाऱ्या मुळ्या कापायच्या नाहीत. जंगलात झाड त्यांनीच दुसऱ्या झाडाला धरतं आणि ओलावाही घेतं. ज्या मातीपर्यंत पोचतात त्या मातीत वळवा, बाकीच्या काठीकडे न्या. घरात दिसायला नको वाटतील तेवढ्या एखाद-दुसऱ्या कापल्या तर झाड मरत नाही, पण मी तरी कापणार नाही. बाजूंनी मिश्रण भरताना कुंडी दोनदा हलकेच आपटा. अंगठ्याने ठासू नका, हवेसाठीच एवढा खटाटोप चाललाय. मग भरपूर पाणी द्या, खालून निथळेपर्यंत. पावसाचं पाणी धरलेलं असेल तर तेच. पन्हाळीखाली ड्रम लावा, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, पुढचं धरा, आणि ड्रमला कापड बांधा, डासांसाठी.

त्यानंतरचा महिना झाडापेक्षा तुमच्या धीराचा आहे. आठ-दहा दिवस पानं मलूल दिसतील, एखादं खालचं पान पिवळं होईल. पानं मलूल दिसली की हात पाण्याकडे जातो, तो आवरा. वरची दोन इंच माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. पंधरा दिवस उन्हात नाही. आणि पाच-सहा आठवडे कसलंही खत नाही. शेतकऱ्याच्या घरात युरिया, डीएपीचं पोतं असतंच आणि चिमूटभर टाकायचा मोह होतो. तुटलेल्या मुळ्यांवर ती चिमूट जाळ लावते. ऑगस्टअखेर नवं पान आलं की ठिबकातून सोडायचं १९:१९:१९ हे विरघळणारं खत घरात असेल, तर लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा. तेही ऑक्टोबरपर्यंतच.

घरात इतरही झाडं असतील म्हणून चार ओळी. मनी प्लांटला एवढे सोपस्कार लागत नाहीत, पावसाळ्यात केव्हाही बदला. स्नेक प्लांट आणि झेडझेड कुंडी फुगेपर्यंत तसेच राहू द्या, त्यांना दाटी आवडते, आणि त्यांच्या मिश्रणात मुरूम किंवा विटांचा चुरा निम्मा हवा. अरेका पामच्या मुळांना बोटही लावू नका, गोळा आहे तसा उचलून मोठ्या कुंडीत ठेवा. पीस लिली बदलताना तिचे दोन-तीन गड्डे वेगळे होतात, एखादा शेजारी द्या. आणि नर्सरीतून नुकतं आणलेलं झाड लगेच उपसायचं नाही. आपल्याकडे ट्रकने येणारी बरीच झाडं आंध्रातल्या कडियमची असतात, मुळांभोवती चिकट मातीचा गोळा असतो, तो बदलावा लागतो हे खरं, पण आधी दोन-तीन आठवडे झाडाला तुमच्या घरची हवा लागू द्या.

राहिली मुलीची फांदी. कुंडी बदलताना हातासरशी कापून टाकू, असं करू नका. एकाच दिवशी मुळंही तुटली आणि शेंडाही गेला तर झाडाला सावरायला वेळ लागतो. कुंडी बदलून महिना होऊ द्या, नवं पान दिसू द्या. मग शेंड्याकडून दोन पानं असलेला तुकडा घ्या, ज्यावर निदान एक पेर (खोडावर पान फुटतं तिथली गाठ) आणि शक्य तर एक लोंबती मुळी असेल. पेराच्या खाली अर्धा इंच कापा. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर महिनोन् महिने हिरवं राहील, पण त्याचं झाड होणार नाही, पेर हवंच. तुकडा काचेच्या बरणीत, पेर बुडेल एवढ्या पाण्यात, उजेडात ठेवा, चार-पाच दिवसांनी पाणी बदला. तीन-चार आठवड्यांत पांढऱ्या मुळ्या फुटतात. बोटाएवढ्या झाल्या की सहा इंची कुंडीत याच मिश्रणात लावा. मुलगी गणपतीला आली तर बरणीच न्यायला सांगा, ओल्या कपड्यात मुळ्या गुंडाळून, आणि दसऱ्याला येणार असेल तर कुंडीसकट न्या म्हणावं. पुण्याची हवा त्या फांदीला परभणीपेक्षा सोपी जाईल.